पांढरा प्रिव्ह्यू आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'

तुम्ही लिहिलंय की आपल्या प्रोग्रॅमच्या खिडकीत वेबपेज दाखवणारा जुना ब्राउझर कंट्रोल काढून मायक्रोसॉफ्टचा नवा वेबव्ह्यू-२ लावला, ऑफिसात सगळं झकास, पण भोसरीच्या गिऱ्हाइकाकडे बिलाचा प्रिव्ह्यू पांढराफटक, एररसुद्धा नाही. वाचून पोटात गोळाच आला. हेच मी भोगलंय, मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या गाळ्यावर.

रनटाइम, म्हणजे वेबव्ह्यू-२ चालायला मशीनवर लागणारं इंजिन, आहे की नाही वगैरे तुम्ही बघितलंच असेल. माझा संशय वेगळा आहे. हा कंट्रोल स्वतःची कॅश, कुकीज ठेवायला एक फोल्डर करतो, आणि जागा सांगितली नाही तर तो ईएक्सईच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलच्या, शेजारीच करायला जातो. आपल्या मशीनवर ईएक्सई प्रोजेक्टच्याच 'बिन-डीबग' फोल्डरमध्ये असते, तिथे लिहायला कोण अडवतंय? गिऱ्हाइकाकडे ती 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये जाते, तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही. कंट्रोल उभाच राहत नाही. एरर येते हो, पण ती 'इनिशियलायझेशन कम्प्लीटेड' या इव्हेंटमध्ये (कंट्रोल सुरू झाला की फसला, हे कोडला कळवणारा इशारा) येते, आणि तो इव्हेंट आपण हाताळलेलाच नसतो. मीही नव्हता हाताळला.

आता माझा गाढवपणा. ज्यांचा रिपोर्टचा कंपोनंट आम्ही पैसे मोजून घेतला होता, त्यांच्या सपोर्टला मी लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर : रनटाइम पुन्हा टाका. टाकला. आणखी दोन दिवसांनी : अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघा, आणि लगेच तिकीट बंद. मी चालवून बघितलं, प्रिव्ह्यू दिसला, आणि शॉर्टकटवर ती खूण कायमची करून टाकली. शेटजींनी चहा पाजला, मी खूश होऊन घरी.

पण आमचा रोजचा बॅकअप झेड ड्राइव्हवर जायचा, म्हणजे दुसऱ्या पीसीवरचं मॅप केलेलं फोल्डर. विंडोजमध्ये साध्या लॉगिनला मॅप केलेले ड्राइव्ह अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला सहसा दिसतच नाहीत. बॅकअपच्या कोडमध्ये एरर पकडणारा 'कॅच' रिकामा, म्हणजे एरर आली तरी गुपचूप गिळणारा. (हो, मीच लिहिलेला. बोला काय बोलायचं ते.) बॅकअप बंद पडला आणि कुणाला पत्ताच नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात हार्ड डिस्क गेली. मग मी आणि आमचा पोरगा गाळ्यात, पोत्यांच्या थप्पीला टेकून, एकेक हिशेबपट्टी वाचतोय : आडत, हमाली, तोलाई. कागद होते म्हणून वाचलो. गिऱ्हाईक टिकलं, पण वर्षभर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) विषय काढायची हिंमत झाली नाही.

तेव्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा सल्ला कुणीही देवो, ऐकू नका. फोल्डरची जागा युजरच्या 'लोकल अ‍ॅपडेटा'त स्वतः द्या, म्हणजे आधी ती जागा सांगणारी एन्व्हायर्नमेंट (कंट्रोलच्या सेटिंगचा ऑब्जेक्ट) तयार करा आणि मग ती देऊन कंट्रोल सुरू करा. डिझायनरमध्ये (स्क्रीन मांडायच्या खिडकीत) 'सोर्स'ला उघडायच्या पानाचा पत्ता भरून ठेवला असेल तर तो आधी पुसा, नाहीतर कंट्रोल तुमच्याआधीच डीफॉल्ट जागेवर सुरू होतो आणि तुमची एन्व्हायर्नमेंट दिली की भांडतो. यात माझे दोन दिवस गेले. ते फोल्डर नेटवर्क ड्राइव्हवरही नको.

आमचं दुकान तीन माणसांचं, सगळं डॉटनेट विनफॉर्म्सवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनावर. तुमचं सी प्लस प्लस असेल तर कॉल वेगळे पडतील, तपासून घ्या. आणि भोसरीत अजून विंडोज ७ची मशीन असतील तर रनटाइम १०९ या आवृत्तीवरच थांबतो, त्याच्या नंतरचं जावास्क्रिप्ट तिथे चालवायला जाऊ नका. कुणी म्हणेल जुनाच कंट्रोल बरा होता. मला नाही वाटत. रजिस्ट्रीत ११००१ हा आकडा भरल्याशिवाय तो मुळात आयई ७सारखा (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखा) वागायचा, त्यात सीएसएस लिहिताना माझे केस गेलेत.

आज गिऱ्हाइकाकडे एनीडेस्क (दुरून त्यांचं मशीन बघायचं सॉफ्टवेअर) लावलंत की आधी ईएक्सईशेजारी '.वेबव्ह्यू२' असा शेवट असलेलं फोल्डर दिसतं का ते बघा. नसेल, तर माझा अंदाज बरोबर. असेल, तर त्या इव्हेंटमधल्या एक्सेप्शनचा मजकूर इथे टाका, रात्री नऊनंतर बघतो. आणि त्याआधी त्यांचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे, ते विचाराच.