पणजोबा छत्तीसगडी, पणजी तेलुगू, आम्ही नागपुरात मराठी बोलतो. मूळ गाव कसं शोधायचं?

सुरुवात पणजोबांपासून नको, आजोबांच्या पहिल्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरपासून करा. आमच्या घरचा धागा तिथेच सापडला: ‘यापूर्वीची शाळा’ या रकान्यात फिकट शाईत एकच शब्द होता, बालोद (छत्तीसगडमधलं गाव). आजोबा ते नाव कधी बोललेच नव्हते! तिथे काही नसेल तर हे बघा:

- तहसीलमधली कोतवाल बुकाची नक्कल (जन्म-मृत्यूच्या नोंदी)
- एम्प्रेस मिल (नागपूरची कापडगिरणी) किंवा रेल्वेतल्या नोकरीचे घरात जपलेले कागद. मिल 1877 ला सुरू झाली, कामगार दूरदूरहून आले.
- गावाचं नाव कळलं की त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारातलं मिसल बंदोबस्त (जमीन-महसुलाच्या जुन्या नोंदी)

1956 पर्यंत नागपूर, रायपूर, दुर्ग, बिलासपूर एकाच मध्य प्रांतात (पुढे मध्य प्रदेश) होते, म्हणून हा माग लागू शकतो. फक्त जुन्या नोंदी बऱ्याचदा हिंदीत असतात अन् आडनाव लिहिलेलंच नसतं. वडिलांचं नाव, जात आणि गाव तिन्ही जुळवूनच खात्री करा. पणजीचं माहेर मात्र कागदावर क्वचितच मिळतं. त्यासाठी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याजवळ बसा, आणि आजच बसा.