आधी दिशा ठरव, मग काप

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. पायथन कोडमधलं स्लाइसिंग (डेटातून हवा तेवढा भाग काढणं), कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरचा स्लायसर (वस्तूचे थर पाडणारं सॉफ्टवेअर), बाबांच्या सीटी स्कॅनचे स्लाइस (शरीराच्या कापांची चित्रं), यातलं आधी काय शिकू म्हणतेस, आणि वर छापलेला हुकही तुटला. कुठे तुटला ते बघितलंस का? दोन थरांच्या मधेच गेला असणार. उभा ठेवून छापलास ना, मग थर आडवे पडले, आणि थराथरातली पकड प्लास्टिकच्या मानाने कच्चीच असते. थर ०.२ मिमीचा ०.१ करून काय होणार, दिशाच चुकलीय तर?

दिशा आधी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मावशी सुरमई आडवी कापते, तुकडीत मधला काटा येतो, पण सुकवायचा बांगडा उभा फोडते, मीठ आतपर्यंत लागायला हवं म्हणून. काय करायचंय ते ठरल्याशिवाय तिचा कोयता चालत नाही.

वनस्पतींच्या प्रॅक्टिकलला मी पोरांना खोडावर कुठून कापणार त्याचा बाण आधी कागदावर काढायला लावायचो, तोवर ब्लेड देत नव्हतो. वेळ घालवतो म्हणून बोलणी खाल्ली, आजही तेच करेन. आडव्या छेदात ज्या नळ्या गोल भोकांसारख्या दिसतात त्याच उभ्या छेदात लांबच लांब दिसतात, हे बाण न काढणाऱ्याला कळतच नाही. खंत एवढीच की छेद, मशीन आणि कोड एकत्र शिकवणारं मला कोणी भेटलं नाही.

जाडी दिशेनंतर. आपल्या जांभ्याखालचा बेसॉल्ट ०.०३ मिमीपर्यंत घासला की उजेड आरपार जातो, मायक्रोस्कोपखाली फेल्डस्पार या खनिजाच्या काड्या दिसतात. सीटीत स्लाइस जाड घेतला तर बारीक गाठ आजूबाजूच्या भागात मिसळून फिकी पडते. १९७१ मध्ये हाउन्सफील्डने बनवलेल्या सीटी मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचे आडवे काप निघाले, आता पातळ कापांच्या डेटातून उभे कापही काढता येतात.

तो डेटा नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या मांडणीत, घेतलास की मात्र सांभाळ. चुकीच्या अक्षावर काप घेतलास तरी एरर येत नाही गं, चित्र येतं, छान दिसतं, आणि ते भलत्याच दिशेचं असतं! शिवाय त्या कापात काही बदललंस तर मूळ ॲरेही बदलतो, साध्या लिस्टचं तसं नाही, तिथे कॉपी मिळते.

रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच विचार. मला कोड पाठव, पण कुठला अक्ष कुठल्या दिशेचा ते वर कॉमेंटमध्ये लिहून, नाहीतर मी वाचणार नाही.