नव्या समुपदेशकाला, एचआयव्ही लसीच्या चाचणीत बसण्याआधी

पहिल्या दिवशी सगळे निरोध वापरतोच म्हणतात. त्यावर मान डोलवून फॉर्म भरू नकोस. "वापरता का?" विचारलंस की "हो" येणारच. "मागच्या वेळी कोणाबरोबर, कुठे, खिशात होता का?" असं विचार, मग माणूस आठवायला लागतो. एक रिक्षावाले काका बोटं मोजता मोजता चौथ्या बोटावर थांबले आणि म्हणाले, "ताई, त्या रात्री नव्हता." तिथे भुवई उंचावलीस तर पुढच्या भेटीला खोटंच ऐकशील.

खरी भीती दुसऱ्या डोसनंतरची. "आता टोचलंय ना!" हे वाक्य हसत हसत येतं. तेव्हा शांतपणे सांग: तुम्हाला लस मिळाली की नुसतं पाणी, हे मलाही माहीत नाही. आणि लस असली तरी काय? थायलंडमध्ये 16 हजारांवर लोकांच्या चाचणीत 2009 साली परिणामकारकता निघाली जेमतेम 31 टक्के. 2007 मध्ये थांबवलेल्या 'स्टेप' नावाच्या दुसऱ्या एचआयव्ही लसीच्या चाचणीत तर लस घेतलेल्या काही पुरुषांमध्ये लागण जास्तच दिसली. हे लपवू नकोस.

लसीमुळे बाहेरच्या लॅबमध्ये एचआयव्हीचा रिपोर्ट लागण नसतानाही उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून तपासणी आपल्याकडेच करा, रक्तदान करू नका, हे प्रत्येक भेटीत बजाव. लग्न ठरलेल्यांना तर दोनदा.

आणि निरोधाचा डबा टेबलावर नको, दाराजवळ ठेव. जाताना मूठभर उचलतात.