कॅमेऱ्याची परीक्षा रात्री

प्रश्न : घराच्या फाटकावर नजर ठेवण्यासाठी नेटवर्कवर चालणारा कॅमेरा घ्यायचा आहे, पण खर्चाला मर्यादा आहे. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला म्हणजे काम भागेल का?

उत्तर : मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. त्यामुळे दिवसा भिंतीच्या विटा मोजता येतील इतके स्वच्छ चित्र देणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात रात्री चालत्या माणसाचा चेहरा नुसता पुसट डाग होऊन बसतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी अंधारातले, आणि तेही हालचालीचे, चित्रण पाहायला मागावे. २.८ मिमीच्या लेन्समध्ये सारे अंगण मावते, मात्र दूरचा चेहरा लहान दिसतो. फाटकासाठी ४ किंवा ६ मिमीची लेन्स बरी.

रात्रीचे चित्र ही भरवशाची एक बाजू झाली; दुसरी बाजू सुरक्षितता, आणि तिथे काटकसर करू नये. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातूनच ठरवून आलेली वापरकर्ता-नावे व पासवर्ड यांच्या साठेक जोड्यांची यादी वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांतल्या काही उपकरणांत तो पासवर्ड बदलण्याची सोयच नव्हती. ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी अलीकडचे फर्मवेअर (कॅमेरा चालवणारा आतला प्रोग्राम) सापडत नाही, तिचा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि राउटरमधील ‘यूपीएनपी’ (घरातल्या उपकरणांना न विचारता इंटरनेटकडे वाट उघडू देणारी सोय) बंद ठेवावे.

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेले ‘ऑनव्हिफ’ मानक पाळणारा कॅमेरा घेतल्यास उद्या कंपनीचे ॲप बंद पडले तरी तो दुसऱ्या रेकॉर्डरला जोडता येतो. साठवणुकीचा हिशेब आधीच करावा : सेकंदाला ४ मेगाबिट या दराने अखंड चित्रण दिवसाला सुमारे ४३ जीबी होते, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड तीन दिवसांतच भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलेच घ्यावे. शक्य असल्यास वायफायऐवजी पीओईचा (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा निवडावा, कारण १०० मीटरपर्यंत एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात.

अंधारात दिसावे म्हणून कॅमेऱ्यात बसवलेल्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि काचेसमोरचा एकच धागा रात्री सारे चित्र पांढरे करतो. दर पंधरवड्याला मऊ कापडाने काच पुसून घ्यावी.