हिमवादळ नव्हे, झंझावात

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या समुद्रातल्या शेटलंड आणि फेरो बेटांवर हिवाळ्यात येणाऱ्या भयंकर वादळांना 'हिमवादळ' म्हणावे का?

नाही. बातम्यांत हा शब्द दिसला की संताप होतो. उत्तरेचे म्हणजे बर्फाचेच, हे कुणी ठरवले? या बेटांभोवती अटलांटिकचे उबदार पाणी आहे. जानेवारीचे सरासरी तापमानही शून्याच्या वर राहते. तिथे छळतो तो वारा, आणि त्याच्याबरोबर आडवा येणारा पाऊस. जानेवारी १९९३ मध्ये शेटलंडच्या दक्षिण टोकाला 'ब्रेअर' हे तेलवाहू जहाज खडकांवर आदळले. सुमारे ८५ हजार टन तेल सांडले, आणि त्यातले बरेचसे त्या वाऱ्या-लाटांनीच घुसळून पांगवले. यात हिम कुठे आहे?

बरे, 'वादळा'त तरी वारा आहे का? 'वात + दल', म्हणजे वाऱ्याची फौज, अशी फोड काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. ती चूक आहे. मूळ शब्द 'वार्दल', पावसाळी दिवस. प्राकृतात 'वद्दल', हिंदीत 'बादल'. गुजरातीत तर 'वादळ' म्हणजे आजही ढग. फौजेचा ढग कसा झाला, ते या मंडळींनी सांगावे.

वारा हवा असेल तर 'वात' घ्या. गुडघ्यातला वात सगळ्यांना ठाऊक आहे, समईतली वात निराळी. पण हाच वात आणि त्या बेटांवरच्या जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतला 'विंद' (वारा) एकाच मुळाचे! नॉर्स लोक खिडकीला 'विंदाउगा' म्हणत: वाऱ्याचा डोळा. इंग्रजी 'विंडो' त्यातूनच आला, आणि फेरोई भाषेत त्याचा वंशज आजही रोजच्या बोलण्यात आहे. 'आउगा' आणि आपला 'अक्षि' हेही सगोत्र मानतात. म्हणजे विंदाउगा अक्षरशः 'वाताक्ष' झाला. आपल्याकडे वातायन आहे, वाऱ्याची वाट. गवाक्ष आहे, बैलाचा डोळा. रशियन 'ओकनो'त, म्हणजे खिडकीतही, डोळाच. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणायची ही खोड सगळ्यांना एकाच प्राचीन घरातून मिळाली, असे माझे ठाम मत आहे. केवळ योगायोग म्हणणाऱ्यांनी आधी विंदाउगा, गवाक्ष, ओकनो हे तीन शब्द एका ओळीत मांडून पाहावेत.

हां, मूळ प्रश्न. 'झंझावात' म्हणा. अमरकोशात स्पष्ट आहे: 'झञ्झावातः सवृष्टिकः', पावसासह येणारा वारा. फेरोच्या हिवाळ्याला यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही. तो पुढाऱ्यांच्या 'झंझावाती दौऱ्यां'तून आधी सोडवून आणा.