ड्युटीवरून आल्यावर वाच

लेकरा,

परवा फोनवर तू बोलायलीस कमी आन् रडायलीस जास्त, म्हणून मी नुसतं हं हं केलं, आता निवांत लिहायलेय. तुझं म्हणणं काय, तर तुम्हा नर्सिंगच्या पोरींची सकाळी आठला नाईट ड्युटी सुटते आणि नऊला क्लास, त्यात डोळा लागला की मॅडम उभं करतात, आणि वॉर्डात स्टाफ कमी पडला की क्लास चालू असला तरी स्टुडंटलाच हाक मारतात. बाई, हे गाऱ्हाणं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

मी जिथं शिकले (नाव कशाला घेऊ) तिथं तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या, उकळून वापरायच्या, आणि सुया बोथट झाल्या की दगडावर पाण्याचा थेंब टाकून घासायच्या, मग सुई कापसातून ओढून बघायची, कापसाचा तंतू अडकला की परत घास. अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मी बऱ्याचदा हेच करत बसलेली असायची आणि परीक्षेत नर्व्ह कुठली कुठून जाते ते काही येईना. सुईला धार आली, माझं डोकं राहिलं तसंच.

पुढं ट्यूटर झाले तेव्हा मेरी अ‍ॅडिलेड नटिंग हे नाव वाचलं. कॅनडातल्या क्वेबेकमधली बाई, जन्म 1858 चा, आधी पोरींना संगीत शिकवायची. तिशीच्या आसपास बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग स्कूलमध्ये गेली, तिथल्या पहिल्याच बॅचमधून 1891 ला पास झाली आणि तीनच वर्षांत त्या शाळेची प्रमुख. आणि तू रडायलीस नेमकं त्याच गोष्टीला तिनं हात घातला. ठिकठिकाणच्या शाळांत पोरी दिवसाला किती तास राबतात त्याचे आकडे गोळा केले आणि 1896 ला नर्सिंग शाळांच्या प्रमुख बायांच्या सभेत मांडले. नुसतं पोरींचे हाल होतात म्हणून कोण ऐकतंय, आकडे पुढं ठेवले की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. स्वतःच्या शाळेत कोर्स तीन वर्षांचा केला, दिवस आठ तासांचा केला, आणि 1901 पासून वॉर्डात पाठवायच्या आधी सहा महिने नुसतं शिकवायचं असं ठरवलं.

एक मात्र मला पटत नाही. पोरगी शिकायला आलीय, नोकर नाही, म्हणून नटिंगबाईनं पोरींना मिळणारा महिन्याचा भत्ता बंद केला. हेतू बरोबर असेल, पण आपल्याकडं कोरडवाहू दोन एकरवाल्याची लेक स्टायपेंडच्या भरवशावर शिकायली असते, तिला हे कसं सांगायचं? मोठ्या माणसाचं सगळंच डोक्यावर घ्यायचं नसतं.

1907 ला ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्रोफेसर झाली. विद्यापीठात प्रोफेसर झालेली जगातली पहिली नर्स हीच. त्याच वर्षी तिनं आणि लाविनिया डॉक नावाच्या नर्सनं मिळून लिहिलेल्या नर्सिंगच्या इतिहासाचे पहिले दोन खंड आले, नंतरचे दोन 1912 ला एकट्या डॉकबाईनं लिहिले. सुरुवात तर जनावरं एकमेकांची काळजी कशी घेतात इथून आहे, आणि पहिल्याच खंडात आपला भारतपण आहे. चरकानं वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे उपचाराचे चार पाय सांगितले ना, त्यातला तिसरा पाय म्हणजे आपण.

नटिंगबाई गेली 3 ऑक्टोबर 1948 ला, म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटून पंधरा-सोळा दिवस झाले होते. काही संबंध नाही, पण मला आपलं लक्षात राहिलं.

आता तुझ्यासाठी. खिशातल्या छोट्या वहीत रोज टाईम टाकत जा, कितीला आत, कितीला बाहेर, कुठला क्लास बुडाला आणि का. महिन्यानं तीच वही घेऊन चौघीजणी मिळून प्रिन्सिपलकडं जा, एकटी जाऊ नको आणि तिथं रडू तर अजिबात नको. जीएनएम, म्हणजे हा नर्सिंगचा डिप्लोमा, अर्ध्यात सोडायचं मनात आणू नको, पुढं पोस्ट बेसिक बीएस्सी करून नर्सिंगची पदवी घेता येते.

आणि वहीत नुसते तास नको, वॉर्डात आपण काय केलं तेपण लिही, नाहीतर ते कुठंच राहत नाही. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्रीच गणपती बुडवलेले. मी ज्या दवाखान्यात होते तिथं जखमी ट्रॅक्टरमधून, टेम्पोतून यायलेले, खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, केसपेपर संपले तर एका सिस्टरनं पेशंटच्या हाताला चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं नाव, गाव आणि इंजेक्शनचा टाईम लिहायला सुरू केलं, आम्ही सगळ्यांनी तिचं बघून तेच केलं. मंत्री आले, पेपरवाले आले, डॉक्टरांचे फोटो छापून आले. चिकटपट्टीचं कुठंच नाही. काही वर्षांनी मी तेव्हाचं वॉर्डाचं रजिस्टर मागायला गेले तर क्लार्क म्हणला, मॅडम, ते कधीच रद्दीत गेलं.

ती सिस्टर आता उदगीरला लेकाकडं असते. पुढच्या सुट्टीत जाऊन ये, मी फोन करून ठेवते. मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव पण आधी विचार, आणि तिच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं ऐकू येत नाही तिला.

तुझी,
मॅडम