पेरणीचे ४८ हजार वसुलीवाल्याला देऊन टाकू का?

दारव्हा तालुक्यातल्या एका भावाचा मेसेज आला, रात्री सव्वाअकराला. त्याच्याच शब्दात पण थोडं कमी करून देतो:

"बाबांनी जानेवारी २०१८ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून मोटारपंप आन पायपासाठी ६० हजार घेतले होते, तारण काही नाही. ३,२०० चे २४ हप्ते. १४ भरले, मार्च २०१९ चा शेवटचा, मंग आईचं ऑपरेशन निघालं आन सारं थांबलं. आता १५ दिवस झाले फोन चालू हायत. म्हणते १ लाख ४६ हजार झाले, लोकअदालतीत ४२ हजारात सेटलमेंट करून देतो, आज ५ हजार टोकन फोनपे वर टाका, नाही तं सोमवारी पोलीस बाबाले घेऊन जाईन, सातबाऱ्यावर बोजा चढन, बैल नेतीन. व्हॉट्सॲपवर वॉरंट बी पाठवलं. घरात कापसाचे ४८ हजार हायत, पेरणीसाठी ठेवलेले. बाबा म्हणते देऊन टाक, मले गावात इज्जत पाहिजे. ते जेवत बी नाहीत धड. काय करू?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो, कारणं मग. ५ हजार टाकू नका, ४२ हजार आता देऊ नका, कुठल्याही कागदावर बाबांची सही होऊ देऊ नका. मृग तोंडावर आलाय, ते ४८ हजार वावराचे आहेत.

तुम्ही पाठवलेलं ते "वॉरंट" मी मोबाईलवर मोठं करून पाहिलं. वर अशोकस्तंभ, खाली लाल गोल शिक्का, मधात "अटक वारंट" असं चुकीचं लिहिलेलं, कोर्टाचं नाव नुसतं "जिल्हा कोर्ट महाराष्ट्र", न्यायाधीशाचं नाव नाही, केस नंबर आहे पण कोणत्या वर्षाचा ते नाही. आपल्या जिल्हा आन तालुका कोर्टातल्या प्रत्येक केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्रातला असला की एमएच नं सुरू होतो, तो यात कुठंच नाही. आणि ५ हजार ज्या फोनपे नंबरवर मागितले तो एका माणसाच्या नावाचा, कंपनीच्या नावाचा नाही. हा माणूस त्या कंपनीचा आहे की कुठून तरी यादी मिळवलेला भामटा आहे हेच अजून ठरायचं आहे, आणि तुम्ही पैसे टाकायला निघाले!

आता बाबांच्या भीतीचं. कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात हे सांगितलं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल आहे, की ज्याच्याजवळ खरंच फेडायची ऐपत नाही त्याला नुसत्या कर्जापायी तुरुंगात टाकणं हे घटनेच्या कलम २१ ला, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला, धरून नाही, बेइमानी दाखवावी लागते, पैसा असून लपवला असं काही तरी. आणि तेही कोर्टानं पैसे देण्याचा हुकूम केल्यावरची गोष्ट, तुमच्याकडं तर अजून केस झाली की नाही तेच माहीत नाही. गरिबी हा गुन्हा नाही, हे बाबांना सांगा, आणि सांगा की हे मी म्हणत नाही, कोर्ट म्हणते.

बैलांचं तर कायद्यातच लिहिलेलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. उद्या समजा खरंच हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) झाला, तरी शेतकऱ्याची औजारं, पोटापाण्याला लागणारी बैलजोडी आणि बियाणं जप्त करता येत नाही, तो राहतो ते घर पण नाही. (वावर मात्र हुकूमनाम्यानंतर जप्तीत येऊ शकते, ते लपवत नाही तुमच्यापासून, पण त्याला केस, निकाल, मग दरखास्त म्हणजे निकालाच्या वसुलीचा अर्ज, एवढा रस्ता आहे, व्हॉट्सॲपवरून बोजा चढत नाही.)

धमकी देणाऱ्यांबद्दल कोर्टानं काय म्हटलं तेही बाबांना वाचून दाखवा. २६ फेब्रुवारी २००७ ला आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की वसुली कायद्याच्या मार्गानं करा, गुंड पाठवून नाही. पुढच्याच वर्षी २००८ ला त्याच बँकेचं दुसरं प्रकरण आलं, दुचाकीचं कर्ज घेतलेला एक पोरगा, वसुलीवाल्यांनी त्याचा अपमान केला आणि त्यानं जीव दिला असं घरच्यांचं म्हणणं होतं, हायकोर्टानं कडक ताशेरे मारले, बँक ते ताशेरे काढा म्हणून सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टानं काढले नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नियम कडक करत नेले, १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तर लिहूनच दिलं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, चारचौघात अपमान नाही, आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती सांगायची नाही. तुम्हाला रात्री साडेनऊला फोन येतात, वरून खोटं वॉरंट. म्हणजे नियम मोडणारे ते आहेत, तुमचे बाबा नाहीत.

पण एक बाजू सोडून दुसरीच सांगितली तर तो सल्ला नाही. मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की फायनान्स कंपनीच्या कर्मचाऱ्यानं थकलेला हप्ता मागितला तर ते त्याचं कामच आहे, नुसतं मागणं म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं नाही. बरोबरच आहे. पैसे घेतले होते, मागणारा मागणार. प्रश्न मागण्याचा नाही, खोटं बोलून मागण्याचा आहे.

आता हिशोब, इथं मला खरा राग आला म्हणून थोडं सविस्तर. ६० हजार, ३,२०० चे २४ हप्ते, म्हणजे व्याज साधारण वर्षाला २५ टक्के पडलं. १४ हप्ते भरले म्हणजे ४४,८०० गेले. राहिले १० हप्ते, ३२ हजार, त्यातली मुद्दल काढली तर २८-२९ हजार. आणि तो गडी ४२ हजाराला "७१ टक्के सूट" म्हणतोय! सगळेच्या सगळे हप्ते व्याजासकट आज भरले असते तरी ३२ हजार होतात. १ लाख ४६ हजार हा आकडा कुठून आला त्याचं स्टेटमेंट मागा, लेखी. फोनवर आकडा ऐकायचाच नाही.

आणि मुदतीचं. तारण नसलेल्या पैशाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, १९६३ चा मुदतीचा कायदा. तुमचा २४ वा, म्हणजे ठरलेला शेवटचा हप्ता जानेवारी २०२० ला पडत होता. कोरोनामुळं सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, तो धरला तरी हिशोब डिसेंबर २०२४ च्या आसपास संपतो, मी हे लिहितोय तो मे २०२५ चा महिना आहे. म्हणजे मधात कुठं लेखी कबुली किंवा काही भरणा झालेला नसला तर दावा करायची मुदत संपून सहा महिनेही झाले नाहीत, आणि आत्ताच ह्यांना ५ हजाराची आणि सहीची घाई झाली. काऊन, ते समजून घ्या. मुदत संपल्यावर नुसते पैसे टाकल्यानं दावा परत जिवंत होत नाही, पण "मी एवढे देणे लागतो आणि फेडीन" अशा कागदावर बाबांनी सही केली की करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणं तो नवा करार, नवा दावा करता येतो. आणि लोकअदालतीतली तडजोड त्याहून पक्की, तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपीलही नाही.

माझ्याकडं आर्णीकडचे एक काका आले होते, त्यांनी लोकअदालतीच्या दिवशी गर्दीत टेबलावर ठेवलेल्या फॉर्मवर सही केली, तीन हप्त्यात द्यायचं ठरलं, पहिला भरला, मग गारपीट झाली अन् दुसरा राहिला. सहा महिन्यांनी त्यांच्या हातात दरखास्तीची नोटीस होती. फॉर्ममध्ये काय लिहिलं ते त्यांना सही करताना वाचून पण दाखवलं नव्हतं. लोकअदालत वाईट नाही, मी स्वतः लोकांना तिथं पाठवतो, पण तिथं जायचं आपल्या मर्जीनं, पैसे हातात असताना. दावा दाखल व्हायच्या आधीच्या लोकअदालतीच्या नोटिशीला गेलं नाही म्हणून अटक वगैरे काही होत नाही.

आता करायचं काय ते. उद्याच मोबाईलवर ईकोर्ट्स ॲप घ्या आणि दारव्हा आणि यवतमाळ दोन्ही ठिकाणी बाबांचं नाव टाकून पाहा, कारण मुदतीच्या आत त्यांनी केस टाकून ठेवली असेल आणि समन्स तुमच्यापर्यंत पोचलं नसेल असंही होते, तसं निघालं तर माझं वरचं अर्धं बोलणं बदलते आणि तुम्हाला लगेच वकील पाहिजे. लवादाचा काही कागद पोस्टानं आला होता का तेही घरातल्या पेटीत शोधा, फायनान्सवाले कोर्टात न जाता लवादाकडं जातात आणि लोक ते पाकीट न उघडता ठेवून देतात. कर्ज घेताना बाबांनी कोरे सही केलेले चेक दिले होते का ते विचारा. दिले असतील आणि चेक बाउन्सची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, तिथं १५ दिवसाचाच वेळ असतो आणि ते प्रकरण फौजदारी असते. वकिलाचा खर्च जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००.

फोन आला की रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच बोला, "तुमचं नाव, एजन्सीचं नाव, कंपनीचं अधिकारपत्र आणि कर्जाचं स्टेटमेंट लेखी पाठवा." दुसरं काही कबूल नाही, भांडण नाही, शिव्या तर नाहीच. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ते रेकॉर्डिंग आणि वॉरंटचा फोटो जोडून मेल करा, ३० दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, १४४४८ ला फोन लावा, फी लागत नाही. कंपनी म्हणाली हा माणूस आमचा नाहीच, तर सरळ १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि पोलीस स्टेशन.

४८ हजाराचं माझं गणित असं आहे. २०२५ च्या भावानं ४ एकर पऱ्हाटीला ८ पाकिटं सरकी, ९०१ रुपयांनी ७,२०८. डीएपीच्या ४ थैल्या १,३५० नं ५,४००. उरलेले साधारण ३५ हजार वखरणी, लावण, डवरणी, दोन निंदणं आणि फवारणीत कसे जातात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. हेच ४२ हजार तिकडं दिले तर पेरणीला सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी, शेकडा ३ रुपये महिना धरा, जून ते नोव्हेंबर ७,५६० नुसतं व्याज. एका खोट्या भीतीची किंमत एवढी नसते देत.

बाबांचं पीककर्ज चालू आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. सोसायटीचं किंवा बँकेचं असेल तर ते वेळेवर भरणं सगळ्यात आधी, कारण ३ लाखापर्यंत वेळेत फेडलं की पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येते, तो फायदा ह्या गोंधळात घालवू नका.

मग हे जुनं देणं बुडवायचं का? नाही, मी तसं म्हणणार नाही. मुदत संपली म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद झाला, देणं पुसलं गेलं नाही, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या इतिहासाच्या नोंदीत, अशी नोंद किमान ७ वर्षं राहते, पुढं तुम्हाला ट्रॅक्टर किंवा घराचं कर्ज लागलं तर बाबांच्या नावावर अडेल. म्हणून दिवाळीनंतर कापूस विकला की तुम्ही स्वतः कंपनीच्या शाखेत जा, एजंटकडं नाही, मुद्दलेवर २८-२९ हजारांची बोली लावा, एकरकमी. त्यांनी लेटरहेडवर "पूर्ण आणि अंतिम" लिहून दिल्याशिवाय पैसे नाही, आणि पैसे कर्ज खात्यातच, पावती आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) घेऊनच उठायचं. सिबिलला "सेटल्ड" (कमी पैशात मिटवलं) लागेल की "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) ते आधी विचारा, दोन्हीत फरक पडतो, "क्लोज्ड" साठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी तुमच्या जागी मी असतो तर दिले असते.

शेवटचं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं. बाबा जेवत नाहीत असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. त्यांना काही दिवस एकटं सोडू नका, त्यांचा फोन तुमच्याजवळ ठेवा, अनोळखी नंबर तुम्ही उचला. बोलतच नसतील तर १४४१६ वर टेलिमानसला (मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, मराठीत बोलतात. आणि हे सगळं वाचून दाखवताना बैलांचं आधी वाचा.

ईकोर्ट्सवर काय निघालं ते कळवा, सोमवारच्या आत.